सज्ञान बाईने कुठे, किती वाजता आणि कशावर कमवायचं, हे ठरवायचं कोणी?

तिसरी पाळी

माझी आई १९७९ ते १९९८ ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका औषध कंपनीत पॅकिंगला होती. गोळ्यांच्या स्ट्रिप तपासायच्या, खोक्यात भरायच्या, खोकी मोजून ठेवायची. तिच्या खात्यातल्या बायका सकाळची नाहीतर दुपारची पाळी करत. दुपारची रात्री दहाला सुटायची. तिसरी पाळी पुरुषांची. त्या पाळीला रात्रभत्ता होता. दुप्पट दराचा ओव्हरटाइमही बहुतेक त्याच पाळीत निघायचा, कारण महिनाअखेरीचा माल रात्रीतून उरकला जाई. आईच्या वाट्याला यातलं काही आलं नाही.

पुढचा फटका त्याहून मोठा होता. सुपरवायझर व्हायचं तर तिन्ही पाळ्या सांभाळाव्या लागत. आईच्या हाताखाली काम शिकलेला एक मुलगा सहा वर्षांत तिचा सुपरवायझर झाला. आई एकोणीस वर्षांनी निघाली ती ज्या पदावर लागली होती त्याच पदावरून.

हे कंपनीने केलं असं मी इतकी वर्षं समजत होते. मुळात ते कायद्याने केलं होतं. १९४८च्या कारखाने कायद्याचं ६६वं कलम: बाईला सकाळी सहाच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर कारखान्यात कामाला लावायचं नाही. राज्य सरकारला वेळ पुढेमागे करता येई, पण रात्री दहा ते पहाटे पाच ही वेळ काही झालं तरी बंद. हेतू काळजीचाच होता, त्याबद्दल मला शंका नाही. पण त्याच रस्त्यावरच्या हॉस्पिटलात नर्स आणि आया रात्रभर उभ्या असत. त्यांना रात्र चालत होती. आणि आई तरी रात्री झोपत होती कुठे? घरी आल्यावर अकरा ते एक ती ब्लाउजना हुक-काज करायची, नगावर. म्हणजे चांगल्या पैशाचं रात्रीचं काम कायद्याने काढून घेतलं आणि चिंधी पैशाचं रात्रीचं काम घरात आलं, जिथे कुठलाच इन्स्पेक्टर येत नाही.

२०००मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने या कलमातली ही रात्रीची बंदी घटनाबाह्य ठरवली. राज्यांनी मधल्या काळात आपापल्या सवलती दिल्या. आणि नोव्हेंबर २०२५मध्ये चार श्रमसंहिता लागू झाल्या, त्यात बाईची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था असेल तर संध्याकाळी सातनंतरही काम करता येईल असं आलं. मी आईला बातमी वाचून दाखवली. ती म्हणाली, "इतकी वर्षं चालत नव्हतं ते आता एकदम चालतं? रात्र बदलली का?"

तिच्या या प्रश्नामुळे मला डान्सबार बंदी आठवली. २००५ची ती, तिला वीस वर्षं होऊन गेली. वरवर बघता औषधाच्या गोळ्या आणि बारमधला नाच यांचा काही संबंध नाही, पण दोन्हीकडे युक्तिवाद एकच आहे: इथे बाईला धोका आहे, तेव्हा बाईला घरी पाठवा. धोका ज्याच्यामुळे आहे तो जागचा हलत नाही.

माझं म्हणणं सरळ सांगते. सज्ञान माणसाच्या कामाला धोका असेल तर नियम मालकाला लावा, गिऱ्हाइकाला लावा, पोलिसांना लावा. काम करणाऱ्याची कमाई बंद करणं ही मदत नव्हे. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा, मला ऐकायचं आहे.

गाढीकाठ

ताई, तुमच्या आईबद्दल वाचून वाईट वाटलं. पण डान्सबार त्यात आणू नका. मी पनवेलचा. ही बंदी सुरूच आमच्याकडून झाली. २००५ला पनवेलच्या बारवर विधानसभेत लक्षवेधी लागली होती आणि तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. आबा पाटलांनी आधी मुंबईबाहेरचे आणि मग मुंबईतलेही बार बंद करायचं जाहीर केलं. त्या वेळी इथल्या बायकांना आबा भावासारखे वाटले, हे शहरात बसून कळायचं नाही.

माझ्या आत्याचं सांगतो. मामांची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, जमीन नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोत गेली होती. मोबदल्यात साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळाला, तो त्यांनी बिल्डरला दिला. हातात एकदम पैसा आला. आयुष्यभर भातशेती केलेला माणूस, बँकेत कधी हजाराच्या वर ठेवलेले नाहीत. हायवेवरच्या एका बारमध्ये दीड वर्षात सगळं गेलं. एका रात्री दहाच्या नोटांची बंडलं घेऊन जायचे, उडवायचे. आत्याने गळ्यातलं मोडून मुलाची फी भरली. बार बंद झाले त्या आठवड्यात तिने गल्लीत पेढे वाटले.

तुम्ही म्हणता नाचणारी सज्ञान आहे. पैसे उडवणाराही सज्ञान होता. पण त्या पैशावर आणखी चार जणांचा हक्क होता, त्यांना कोणी विचारलं?

मोकळं रान

दोन सज्ञान माणसं आपखुशीने व्यवहार करतात. तिसऱ्याने मध्ये पडू नये. सरकारने तर नाहीच. एवढं साधं आहे.

तिसरी पाळी

@मोकळं रान, मला एवढं साधं वाटत नाही. पोटात भूक असताना दिलेली संमती किती आपखुशीची असते, यावर पुढे कोणीतरी बोलेलच.

@गाढीकाठ, दादा, तुमच्या आत्याचं वाचून दोन दिवस काही लिहिता आलं नाही. आमच्या कोपरखैरण्यातही अशी घरं मी पाहिली आहेत. पण मला एक सांगा. भूखंडाचा कागद मामांच्या एकट्याच्या नावावर होता ना? आत्याची सही लागली असती, तिचं नाव कागदावर असतं, तर बिल्डरला देतानाच ती आडवी आली असती. तिचा हक्क कागदावर असता तर नाचणाऱ्या मुलीचं पोट मारायची गरज पडली नसती. आणि बार बंद झाल्यावर मामा थांबले का? खोचून विचारत नाही, खरंच माहीत करून घ्यायचं आहे.

गाढीकाठ

कागद त्यांच्या एकट्याच्या नावावर होता. आणि नाही, थांबले नाहीत. आधी ऑर्केस्ट्रा बार, मग मटका. पण तोवर उडवण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

काळा कोट

धाग्यात कायद्याचा भाग अर्धवट राहू नये म्हणून सविस्तर लिहितो. मी या खटल्यात नव्हतो, पण त्या काळात उच्च न्यायालयात नव्याने वकिली करत होतो आणि सुनावणीला मागे उभा राहून ऐकलेलं आहे.

२००५मध्ये मुंबई पोलीस कायद्यात ३३अ आणि ३३ब ही कलमं घातली गेली. ३३अ म्हणतं, खाणावळ, परमिट रूम, बिअर बार इथे कुठल्याही प्रकारचं नृत्य बंद. ३३ब म्हणतं, नाट्यगृह, जिमखाने, क्लब, तीन तारे आणि त्यावरची हॉटेलं यांना ही बंदी नाही. सगळा खटला या दोन कलमांच्या मधल्या फटीत उभा राहिला. नाचामुळे बाईची प्रतिष्ठा जाते असं सरकारचं म्हणणं असेल, तर ती तीन तारे लागल्यावर परत कशी येते? एप्रिल २००६मध्ये न्या. रिबेलो आणि न्या. रोशन दळवी यांच्या खंडपीठाने बंदी रद्द केली. समानतेचा भंग होतो आणि व्यवसायाच्या स्वातंत्र्याचाही. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, बंदीला जीवदान मिळत राहिलं आणि निकाल यायला जुलै २०१३ उजाडला. तो निकालही मुलींच्या बाजूने. त्यात न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की रोगापेक्षा औषध वाईट ठरलं, काम गेल्यामुळे अनेक जणी देहविक्रीकडे ढकलल्या गेल्या, आणि सरकारने त्यापेक्षा या बायकांच्या कामाची परिस्थिती सुधारायला हवी होती.

मग सरकारने काय केलं? २०१४मध्ये हॉटेलांची सवलतच काढून टाकली, म्हणजे समानतेचा मुद्दा संपला. २०१५मध्ये न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. २०१६मध्ये नवा कायदा आणला, ज्याच्या नावातच बायकांच्या प्रतिष्ठेचं संरक्षण आहे. त्यात अटींची अशी जंत्री होती की परवाना मागणाराच थकावा. शाळा-मंदिरापासून एक किलोमीटर दूर (मुंबईत अशी जागा शोधून दाखवा), आतमध्ये सीसीटीव्ही, नाच असेल त्या खोलीत दारू नाही. जानेवारी २०१९मध्ये न्या. सिक्री आणि न्या. भूषण यांनी या तिन्ही अटी उडवल्या. संध्याकाळी सहा ते साडेअकरा ही वेळ ठेवली, नोटा उधळणं बंद ठेवलं, मात्र बक्षिसी हातात देता येईल असं सांगितलं. लेखी करार आणि बँक खात्यात पैसे ही अट राहिली, आणि माझ्या मते ती योग्यच होती. तो मालकावरचा नियम आहे.

ऑर्केस्ट्रा बारचीही अशीच गोष्ट. मंचावर चार बायका आणि चार पुरुष, त्यापेक्षा जास्त बाई नको, अशी परवान्यात अट असायची. फेब्रुवारी २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही रद्द केली. एकूण आठ जण ही मर्यादा राहिली, त्यात किती बायका हे सरकारने ठरवू नये. पाचव्या गायिकेला केवळ बाई म्हणून काम नाकारणं हे कसलं संरक्षण होतं, याचं उत्तर सरकारी वकिलांना देता आलं नाही.

निकाल लागत राहिले, मुली दरम्यान गेल्या. २००५ला पंचवीस वर्षांची असलेली मुलगी २०१९ला एकोणचाळीस वर्षांची झाली होती. नाचाच्या धंद्यात ही वर्षं कोण परत देणार?

निळी शाई

मी वेगळ्या जागी उभी आहे. "निवड" हा शब्द धाग्यात फार सहज वापरला जातोय.

बारमध्ये नाचणाऱ्या बऱ्याच मुली बेडिया, नट, कंजर अशा जमातींतून आलेल्या. राजस्थान, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश. त्यांच्या आज्या जमीनदारांपुढे नाचल्या. घरातल्या मुलीने नाचून घर चालवायचं हे जातीने ठरवलेलं. ज्या कामावर जातीचा शिक्का मारून जन्माला घातलं जातं, ते काम मोठेपणी स्वतः मागितलं म्हणून त्याला निवड म्हणायचं का? बाबासाहेबांनी जून १९३६मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातल्या, देवाला वाहिलेल्या मुरळ्या-जोगतिणींना ते जगणं सोडायला सांगितलं, तेव्हा त्यांना पोटाचा प्रश्न माहीत नव्हता असं कोणी म्हणू नये. २००५मध्ये स्त्रीवादी संघटनांत या प्रश्नावरून फूट पडली ती उगाच नाही. आमच्या दलित चळवळीतल्या अनेक बायका बंदीच्या बाजूने होत्या. तमासगीर घरातल्या बायका मी जवळून पाहिल्या आहेत, त्यांच्या मुलींना तो मंच नको असतो.

आता दुसरी बाजूही मीच सांगते. १९३६ला बाबासाहेब त्या बायकांशी *बोलले*. पोलीस पाठवले नाहीत. आणि पुढे मजूर खातं त्यांच्याकडे असताना काय झालं ते पाहा. कोळसा खाणीत जमिनीखाली बायकांनी काम करायला बंदी होती. १९४३मध्ये युद्धामुळे कोळसा कमी पडला म्हणून ती उठवली गेली. त्यावर टीका झाली, तेव्हा त्यांनी सभागृहात सांगितलं की हे आणीबाणीपुरतं आहे, आणि या बायकांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल अशी व्यवस्था केली आहे. १९४६ला बंदी परत आली. यातून मला कळतं ते असं की ते बंदीच्या विरोधात नव्हते, मोकळीक द्या या मताचेही नव्हते. बाई कामावर आहे तोवर तिचा दाम आणि तिचा जीव यांचा हिशोब ते मागत होते.

२००५च्या बंदीत तो हिशोब नव्हता. पंचाहत्तर हजार मुली हा आकडा त्या वेळी सगळीकडे फिरत होता. खरा किती ते सोडा. त्यातल्या एकीच्या तरी हातात सरकारने आधी दुसरं काम दिलं आणि मग बार बंद केला, असं झालं का? एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्राने आणि स्त्री अत्याचार विरोधी मंचाने त्या वेळी पाचशेच्या आसपास मुलींच्या मुलाखती घेतल्या होत्या. बहुतेकींच्या कमाईवर अख्खं घर चालत होतं. जातीतून बाहेर पडायचा रस्ता म्हणजे पुढच्या पिढीचं शिक्षण, आणि त्याची फी याच पैशातून जात होती. तो रस्ता बंद करून जात मोडत नाही.

म्हणून मी बंदीच्या विरोधात आहे. पण कृपा करून त्या कामाचं कौतुक करू नका.

तिसरी पाळी

निळी शाई, तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी आभार. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये ते यायला हवं होतं. माझ्या आईलाही तिसरी पाळी आवडली असती असं नाही. तिला ती नाकारायचा हक्क हवा होता, आणि मागायचाही.

कोयता

मी बीड जिल्ह्यातला. माय-बाप ऊसतोडीला जायचे, मी पण दहावीपर्यंत गेलोय. तुमचा धागा वाचून एकच गोष्ट डोक्यात घुमते.

नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस बाई आजारी पडली तर खाडा पडतो, आणि खाड्याचा दंड मजुरीपेक्षा जास्त. मासिक पाळीचे चार दिवस खाडा नको, म्हणून बायांनी तिशीच्या आत गर्भपिशव्या काढून टाकल्या. २०१९ला हे राज्यभर गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. माझ्या चुलतीची अशीच काढलेली आहे. डॉक्टरने कॅन्सरची भीती घातली होती.

पहाटे चारला थंडीत उसाच्या फडात उतरायचं, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं. रात्री दोनला गाडी आली तरी भरायची. अंधारात. तिथं बाईला रात्र चालते. तिथं कोणी बंदी मागितली नाही, आणि मागू पण नका, कारण बंदी आली तर माझ्या गावच्या बाया खाणार काय? आम्हाला हवंय ते वेगळं: फडावर पाणी, संडास, दवाखाना, खाड्याचा दंड बंद, आणि उचल मुकादमाच्या वहीत नाही तर कागदावर.

तुम्ही लोक विचारता सरकारने सज्ञान माणसाला अडवावं का. मला वाटतं सरकार अडवतं ते दिसायला नको असलेल्या कामाला. फडातली बाई कोणाला दिसतच नाही.

मोकळं रान

@कोयता, हे वाचून मी गप्प झालो. पण मग तुमच्या उदाहरणातही करार दोन सज्ञान माणसांचाच आहे, आणि तो मला न्याय्य वाटत नाही. कुठे रेघ मारायची?

काळा कोट

@मोकळं रान, याला एक जुनं उत्तर आहे. १९८२मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. न्या. भगवती यांनी त्यात मांडलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबणारा माणूस आपण होऊन कामाला आलेला असला, तरी ती सक्तीची मजुरीच. भूक आणि दारिद्र्य हीदेखील सक्ती आहे.

याचा अर्थ नीट पाहा. किमान वेतनाचा कायदासुद्धा एका अर्थाने सज्ञान माणसाला "कमी पैशात काम करायला" अडवतो. पण दंड मजुराला होत नाही, मालकाला होतो. मजुराने काम सोडावं असं तो कायदा म्हणत नाही, त्याला जास्त द्या म्हणतो. डान्सबारच्या आणि रात्रपाळीच्या कायद्यात मालकावर गुन्हा असला तरी घरी बाईच जाते. माझ्यापुरती रेघ इथे आहे. २००७मध्ये दिल्लीतल्या एका जुन्या अबकारी कायद्याबद्दलही असाच निकाल आला. दारू दिली जाते अशा जागी बायकांना नोकरी नको असं तो कायदा म्हणत होता. न्या. सिन्हा यांनी लिहिलेल्या त्या निकालाचा गाभा असा की बाईचा कामाचा हक्क काढून तिला सुरक्षित ठेवण्याऐवजी राज्याने ती सुरक्षित राहील अशी व्यवस्था करावी. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेल्या मुलींना त्या कायद्यामुळे मोठ्या हॉटेलांत नोकरी मिळत नव्हती.

समुपदेशन ठाणे

मला रेघ इतकी स्वच्छ दिसत नाही, म्हणून लिहिते. मी एका वंध्यत्व उपचार केंद्रात समुपदेशक होते. २०२१चा सरोगसी कायदा जानेवारी २०२२मध्ये लागू झाला आणि पैसे घेऊन दुसऱ्यासाठी पोटात मूल वाढवणं बंद झालं. आता उपचाराचा आणि नियमात ठरलेला खर्च, आणि छत्तीस महिन्यांचा विमा, याव्यतिरिक्त त्या बाईला काही देता येत नाही. ती विवाहित हवी, तिला स्वतःचं मूल हवं, पंचवीस ते पस्तीस वय, आणि आयुष्यात एकदाच.

आधीच्या काळात माझ्याकडे आलेल्या बायकांपैकी एक घरकाम करायची. तिला वन-रूम-किचनचं डिपॉझिट भरायचं होतं. मी दोन तास तिच्याशी बोलले. तिला सगळं कळत होतं, माझ्यापेक्षा जास्त. दुसरीच्या वेळी नवरा बाजूला बसून उत्तरं देत होता आणि ती मान हलवत होती. मी अहवालात नकार लिहिला. दुसऱ्या केंद्राने तिला घेतलं असं नंतर कळलं.

कायद्याने दोघींनाही बंद केलं. डॉक्टरला फी मिळते, वकिलाला मिळते, केंद्राला मिळते. नऊ महिने पोटात वाढवणारी एकटी विनामूल्य. हे मला बोचतं. आणि तरीही त्या दुसऱ्या बाईचा चेहरा आठवला की बंदी उठवा असं म्हणायला जीभ रेटत नाही. संमती खरी की नवऱ्याची, हे तपासणारं कोणी नसेल तर संमतीच्या रकान्याला अर्थ काय?

काळा कोट, तुमच्या रेघेत ही दुसरी बाई कुठे बसते?

काळा कोट

बसत नाही, ताई. शरीरातून परत न येणारं काही जातं तिथे मीही थांबतो. मूत्रपिंडाच्या विक्रीवरची १९९४ची बंदी मला योग्य वाटते. सरोगसी मधल्या जागेत आहे आणि माझं मत अजून पक्कं नाही.

तिसरी पाळी

समुपदेशन ताई, तुमचा प्रश्न मलाही सुटलेला नाही. पण तुम्ही त्या खोलीत दोन तास बसलात, एकीला हो आणि एकीला नाही म्हणालात, हेच मला कायद्यात हवं होतं. नवऱ्याला बाहेर बसवून बाईशी बोलणारं माणूस, आणि त्या माणसाचा नकार दुसऱ्या केंद्रालाही बांधील. त्याला खर्च येतो. बंदीला काहीच खर्च येत नाही, म्हणून सरकारला ती सोपी वाटते.

गाढीकाठ

परवा आत्याकडे गेलो होतो. धाग्यातलं तिला जमेल तसं सांगितलं. वय झालंय, ऐकायला कमी येतं. कागदावर नाव असतं तर, हे सांगितल्यावर बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, माझ्या सुनेचं नाव टाकायला सांग रे घराच्या कागदावर, तो ऐकत नाही माझं. तिचा मुलगा म्हणजे माझा आतेभाऊ. उद्या बोलतो त्याच्याशी. बारबद्दल मी विचारलं नाही, तिनेही काढलं नाही.

बंदीबद्दल माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही, हेही सांगून ठेवतो.

पहिली नोकरी

नमस्कार, मी नवीन आहे, आतापर्यंत फक्त वाचत होते. मी चाकणला वायरिंग हार्नेस बनवणाऱ्या कंपनीत लागून सात महिने झाले. आमच्याकडे आता मुलींनाही रात्रपाळी सुरू होणार आहे. रात्रभत्ता चांगला आहे आणि मला करायची आहे, घरी कर्ज आहे. पण परवा एचआरने संमतीचा फॉर्म सगळ्यांकडून भरून घेतला, तेव्हा त्यावर "होय" आधीच छापलेलं होतं, फक्त सही करायची होती. दोन मुलींची लहान बाळं आहेत, त्यांना नको होती रात्रपाळी. त्यांनीही सही केली. आणि बस कंपनीच्या गेटपासून मेन रोडपर्यंतच सोडणार, तिथून माझी खोली पाऊण किलोमीटर आत आहे. काही बोललं तर ट्रेनी म्हणून काढतील का?

तिसरी पाळी

बाळ, घाबरू नकोस. सही केलीस म्हणून सगळं संपलं असं होत नाही. आधी त्या फॉर्मची प्रत माग, सगळ्या मिळून मागा, एकटीने नको. प्रत देत नाहीत असं म्हणाले तर तारीख आणि कोण म्हणालं ते लिहून ठेव. ज्या दोघींना नको आहे त्यांनी नको म्हणून साध्या कागदावर लिहून द्यावं, पोच घ्यावी. काळा कोट, संमती नंतर मागे घेता येते ना? तुम्ही तिला नीट सांगाल का?

काळा कोट

माझ्या मते संमती ही सतत असावी लागते, एकदाच घेऊन ठेवायची वस्तू नाही. मागे घेण्याचं पत्र त्या दोघींनी जरूर द्यावं. मसुदा मी इथेच टाकतो रात्री. बसचं वेगळं पत्र करा. कामावर येण्याजाण्याची सोय आणि सुरक्षा ही मालकाची जबाबदारी आहे. मेन रोडवर सोडून ती पुरी होत नाही, घराच्या दारापर्यंत सोडा असं मागा. पत्रावर जितक्या जास्त सह्या तितकं एकीला काढणं त्यांना अवघड. किती मुली आहात?

पहिली नोकरी

लाइनवर बेचाळीस. खोलीत आम्ही सहा जणी राहतो, त्या सहा तर नक्की. बाकीच्यांना उद्या जेवणाच्या सुट्टीत विचारते.

कोयता

माझ्या गावच्या दोन पोरी चाकणलाच आहेत, त्याच लाइनवर आहेत का माहीत नाही. आज फोन करून विचारतो.